पान लागलंय

"बाई, जोतूला पान लागलंय!"

शाळेच्या पायरीवरूनच मी ओरडले. एका हातात जोतूचं मनगट, दुसऱ्या हातात त्याची विटी, आणि माझ्यामागं अख्खी शाळा. अख्खी शाळा म्हणजे काही फार मोठा जमाव नव्हे. वरच्या केळंब्याची आमची शाळा चौथीपर्यंतची, एका खोलीतली. चारी वर्गांची पोरं गोळा केली तरी एका बैलगाडीत मावली असती. एकाला ठेच लागली की बाकीचे लंगडत त्याच्याबरोबर यायचे, तसे आम्ही सगळे येऊन दारात उभे राहिलो.

येमूलबाई डबा उघडून बसल्या होत्या. हातातला घास तसाच डब्यात टाकून त्या उठल्या.

"पान? कुठलं पान?"

आमच्या डोंगरात सापाला कुणी साप म्हणत नाही. जनावर म्हणतात, लांबडं म्हणतात. आणि ते कुणाला चावलं तर चावलं असंही म्हणत नाहीत. पान लागलं म्हणतात. नाव घेतलं की इख चढतं, आणि ज्याला लागलंय त्याच्या देखत घेतलं तर फारच लवकर चढतं, अशी समजूत. हे आम्हांला कुणी बसवून शिकवलेलं नव्हतं. चूल भाजते हे जसं कळतं तसं ते कळलेलं होतं. शाळेमागच्या बांधाच्या दगडांत विटी गेली, जोतूनं ती काढायला हात घातला आणि किंचाळून मागं घेतला. काळी शेपटी दगडाआड सरकताना मी डोळ्यांनी पाहिली. मी चौथीत, तो दुसरीत. मी त्याची बहीण. सांगायचं काम माझं होतं, आणि मी ते धावत येऊन पहिल्या दमात केलं होतं.

बाई सोलापूरच्या. घरात तेलुगू बोलणाऱ्या माणसांतल्या. मराठी त्यांनी शाळेत शिकलेली. त्यामुळं त्यांची मराठी आमच्या पुस्तकासारखी होती, इस्त्री केलेली. "बाई, वाईच सरा की" असं म्हटलं की त्या 'वाईच' म्हणजे काय ते विचारायच्या आणि आम्ही खिदळायचो. नव्या आल्या तेव्हा शाळेच्या वाटेवरची खाजकोलतीची पानं त्यांनी हौसेनं तोडली होती. हात सुजून भाकरीएवढा झाला. आम्ही पोरांनीच त्यांना घरी आणलं, आईनं हाताला तेल चोळलं, आणि त्या दिवसापासून बाई डोंगरातल्या प्रत्येक पानाला बिचकून असायच्या.

पान लागणं म्हणजे काय, हे त्यांना कुठल्या पुस्तकात भेटणार होतं?

"बघू हात," त्या म्हणाल्या. जोतूच्या पंज्यावर थोडी सूज होती, दोन बारीक लाल ठिपके होते. तो मुसमुसत होता. बाईंनी त्याचे डोळे पुसले. "रडायचं नाही. शूर आहेस ना तू? मला आधी ते पान दाखव. कुठल्या झाडाचं होतं? पटकन घेऊन या बरं."

आम्ही एकमेकांकडं पाहिलं. आणि आम्हां सगळ्यांचे चेहरे उजळले, हे मला आजही दिसतं. खालच्या वाडीत एक भगत होता. पान लागलेला माणूस त्याच्याकडं नेला की तोही असाच पोरांना पिटाळायचा, अमक्या झाडाचं पान आणा, तमक्याची साल आणा. म्हणजे बाईंनाही ते औषध ठाऊक होतं तर! का नसावं? बाईंच्या पत्र्याच्या पेटीत सगळ्यांवर औषध असायचं. खरूज, कान फुटणं, ताप, काय वाटेल ते. गावातल्या बाया डॉक्टरकडं जायच्या आधी त्यांच्याकडं यायच्या.

"चला रं!" पोरं ओरडली आणि बांधाकडं सुटली. सगळ्यांच्या पुढं जोतू. पान त्याला लागलं होतं, तेव्हा पान आणायचा मानही त्याचाच.

तो पळाला. कुणी त्याला थांबवलं नाही.

कुठलं पान ते कुणालाच माहीत नव्हतं. कुणी निरगुडी ओरबाडली, कुणी करवंदीचा डहाळा मोडला. जोतूनं बांधावरच्या दगडांजवळ उगवलेलं एक रुंद, लव असलेलं पान तोडून आणलं आणि डाव्या हातानं बाईंच्या पुढं धरलं.

"हेच का?" बाईंनी ते लांबून पाहिलं, हात लावला नाही.

"व्हय बाई, हेच," जोतू म्हणाला. बाईंना हवं असलेलं सापडलं याचा त्याला आनंद झाला होता. बाई म्हणजे त्याचा जीव की प्राण. त्या आमच्याच घराच्या पडवीतल्या खोलीत राहायच्या. सकाळी त्यांची पिशवी दुसऱ्या कुणी उचलली तर हा दिवसभर रुसून बसायचा.

बाईंनी त्याचा हात साबणानं धुतला. पेटीतून खोबरेल काढून हलक्या हातानं लावलं. मग आपला हातरुमाल गार पाण्यात भिजवून मनगटाच्या वर गुंडाळला आणि गाठ मारली. भगतही वर बांधायचा. आम्ही माना डोलावल्या. सगळं रीतसर चाललं होतं.

"झालं. आता थोड्या वेळात थांबेल," बाई म्हणाल्या, आणि जगताप गुरुजी केंद्रशाळेत बैठकीला गेल्यामुळं चारी वर्ग त्यांनी एकट्यांनीच पाढ्यांना बसवले.

माझं पाढ्यांत लक्ष नव्हतं. जोतू भिंतीला टेकून बसला होता. त्याच्या पापण्या खाली येत होत्या. पान लागलेल्या माणसाला झोपू द्यायचं नाही, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. मी उठून बाईंच्या जवळ गेले.

"बाई, त्येला झोपू दिऊ नगा."

"अगं, रडून दमलाय तो. पडू दे थोडा वेळ."

"पर बाई, झोपला की..."

"कांता, मी आहे ना इथं? जा, जागेवर बस."

त्या तशा रागावल्या नव्हत्या. उलट त्या उठल्या, जोतूजवळ खाली जमिनीवर बसल्या आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं. एका हातानं त्याच्या केसांवरून हात फिरवत त्या दुसरीच्या पोरांचे पाढे ऐकत राहिल्या. मला बरं वाटलं. बाईंच्या मांडीवर कुणाला काय होणार? मी जागेवर जाऊन बसले.

मग जोतूनं पाणी मागितलं, आणि त्याचा आवाज नाकातून आला. बाईंनी तांब्या ओठांना लावला तर पाणी बाहेरच आलं. त्यांनी त्याच्या कपाळाला हात लावला, पुन्हा लावला. "जोतू? डोळे उघड बघू. जोतू, माझ्याकडं बघ." त्यानं मान मागं टाकून पापण्यांच्या फटीतून बघायचा प्रयत्न केला. पापण्या उचलत नव्हत्या.

त्याच वेळी बनाआत्या गवताचा भारा घेऊन शाळेवरून चालली होती. दारातल्या पोरांनी तिला कौतुकानं सांगितलं, "बनाआत्या, जोतूला पान लागलंय! बाई औषध करत्यात!"

भारा धाडकन खाली पडला. बनाआत्या दारात आली, तिनं जोतूचं तोंड पाहिलं आणि अशी ओरडली की बाकावरची लहान पोरं रडायला लागली.

"अवं बाई, मांडीवर घिऊन काय बसलाय? जनावर डसलंय त्येला, जनावर! उठा!"

बाईंना तो शब्द कळला. त्यांचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येणार नाही. त्यांनी जोतूकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"कांता! मला सांगितलं का नाहीस?"

मी तोंड उघडलं. सांगितलं की बाई, असं म्हणायचं होतं. पण तोपर्यंत त्यांनी जोतूला खांद्यावर टाकलं होतं आणि त्या पायऱ्या उतरल्याही होत्या.

गावात पुरुषमाणूस कुणी नव्हतं. आमच्याकडचे सगळे बाप्ये मुंबईत, माझे वडील, दादा, तेही तिकडंच माथाडीत. बाया भाताच्या खाचरांत. बनाआत्यानं मला ढकललं, "पळ, आईला आन!" आणि ती बाईंमागं धावली. बाई चपला टाकून, पदर खोचून त्या उतारावरून पळत होत्या. ज्या उतारावर त्या एरवी आमचा हात धरल्याशिवाय पाय टाकायच्या नाहीत, तोच तो उतार. खाली रस्त्याला माणसं भरून नेणारी वडापची जीप मिळाली तर मिळणार होती.

आमचं खाचर ओढ्यापल्याड. मी किती वेळा पडले माहीत नाही. आईनं लांबूनच मला पाहिलं आणि हातातला विळा टाकला. "काय झालं? कुनाला झालं?" मी म्हटलं, "जोतूला पान लागलं." आईला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

आम्ही रस्त्यावर पोचलो तेव्हा जीप निघून गेली होती. बनाआत्या तेवढी उभी होती. जीपमध्ये जागा नव्हती म्हणून बाई एकट्याच त्याला घेऊन गेल्या होत्या. आई जीप गेली त्या बाजूला चालायला लागली. मागून दुसरी गाडी आली नाही. दिवस मावळायच्या आत तीच जीप समोरून परत आली आणि आमच्याजवळ थांबली. मागच्या बाकावर बाई होत्या. जोतू त्यांच्या मांडीवरच होता, त्यांच्याच साडीच्या पदरात गुंडाळलेला.

आईनं त्याला घेतलं. बाईंच्या हातांतून तिनं त्याला अलगद सोडवलं, झोपलेलं मूल घेतात तसं. तिचं रडणं मग सुरू झालं.

दादा आले, मुंबईचं गाव आलं. दहाव्याला आमच्या अंगणात सगळे बसले होते. बाई त्या दिवशी शाळेत होत्या. शाळा बंद ठेवायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि घरात थांबायचं त्यांना धैर्य नव्हतं. बाबूकाका, दादांचा चुलतभाऊ, मोठमोठ्यानं बोलत होता.

"पोरगी येऊन सांगती पान लागलंय, आन ही शिकल्याली बाय तेल चोळती? त्या बाईला जाब इचारला पायजे. हाकला तिला! शाळा बंद पडली तरी पडू दे."

दादा खाली बघत होते. कुणीतरी म्हणालं की तिला पान लागणं म्हणजे काय ते कळलंच नव्हतं. आम्ही पोरांनी सगळी हकीकत घरोघर सांगितली होती, त्यामुळं घडलं कसं ते आता गावाला उलगडलं होतं. फक्त बाईंना उलगडलेलं नव्हतं. त्या निघताना मला काय ओरडल्या ते बनाआत्यानं ऐकलं होतं. पोरं भ्याली आणि काही बोललीच नाहीत, असंच त्यांना वाटत होतं.

"कळलं नव्हतं तर आता कळू दे!" बाबूकाका उठला. "मी सांगतो तिला, तुला सांगितलं हुतं म्हनून!"

तेव्हा आई दारात आली. त्या दिवसांत ती कुणाशी बोलली नव्हती. तिचा आवाज बसलेला होता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"तिला कुनी काय बी सांगायचं न्हाई."

"वैनी, अवं..."

"तिला सांगितलं हुतं ह्ये तिला कळलं, तर ती ऱ्हाईल व्हय जित्ती? इहिरीत उडी घील. तीबी कुनाची तरी लेक हाय. एकटी आलीया हितं. माझं लेकरू तिनं खांद्यावर घिऊन न्हेलं, पाय फुटलं तिचं." आईनं पदरानं तोंड पुसलं. "माझं ग्येलं त्ये ग्येलं. आता दुसऱ्या कुना आईचं घालवू?"

बाबूकाका खाली बसला.

रात्रीची जेवणं व्हायच्या आधी आईनं मला मागच्या दारी नेलं.

"कांते, तू बाईला काय सांगितलं हुतंस?"

"पान लागलंय म्हनून."

"न्हाई. तू काय बी सांगितलं न्हाईस. भेलीस, आन गप ऱ्हायलीस. कुनी इचारलं तर असंच."

"पर आये, मी सांगितलं हुतं! पळत जाऊन सांगितलं हुतं!"

तिनं मला घट्ट धरलं. माझं तोंड तिच्या छातीत दबलं. "मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "मला म्हाईत हाय न्हवं? मग बास."

आमच्या गावात कुणाच्या घरी दूध नासलं तरी संध्याकाळपर्यंत ते वाडीभर होतं. पण ही एक गोष्ट गावानं गिळली. ज्याच्या त्याच्या आईनं आपापल्या पोराला बजावलं. सापाचं नाव आम्ही आधीच घेत नव्हतो, आता पान लागणंही बोलण्यातून गेलं. पुढं एकदा खालच्या वाडीत एका बाईला लागलं, ती वाचली, तर शाळेत कुणी चकार शब्द काढला नाही. जगताप गुरुजीसुद्धा नाही. बाई जवळ आल्या की बोलणारे थांबायचे आणि भाताचा विषय काढायचे. एवढीशी शाळा, नाक पुसता न येणारी पोरं, पण एकानंही तोंड उघडलं नाही.

आणि बाई राहिल्या. आम्हांला वाटलं होतं त्या बदली मागून जातील. त्यांनी मागितली नाही. पडवीतली खोलीही सोडली नाही. आई त्यांना रोज भाकरी करून द्यायची. दुपारी दोघी समोरासमोर बसून तांदूळ निवडायच्या. बाजाराचं बोलायच्या, माझ्या अभ्यासाचं बोलायच्या. जोतूचं नाव त्या दोघींत पुन्हा कधी निघालं नाही. तो त्या घरात जन्मलाच नसावा असं वाटावं, इतकं.

बाई आधीपेक्षा कमी बोलायच्या. वर्गात 'पान काढा' म्हणायच्या नाहीत, 'पृष्ठ काढा' म्हणायच्या. आम्ही हसायचो, सोलापूरची मराठी म्हणून.

मला मात्र त्यांचा राग यायचा. खरं सांगते, फार यायचा. त्या मला कधी बोलल्या नाहीत, उलट जवळ बसवून शिकवलं, हायस्कूलला घालायला दादांशी भांडल्या. पण त्यांनी माझ्याकडं पाहिलं की मला वाटायचं, आत्ता यांच्या मनात आलं असेल, हिनं सांगितलं असतं तर. भाऊ माझा गेला, सांगायला मी धावले, आणि न सांगणारी म्हणून मीच. रात्री अंथरुणात मी पांघरुणाच्या आत तोंड घालून म्हणायचे, बाई, जोतूला पान लागलंय. बाई, जोतूला पान लागलंय. म्हटलं होतं की नव्हतं, याची मलाच खात्री राहीना म्हणून.

मी मोठी झाले, लग्न झालं, एसटीत कंडक्टर झाले. बाई केळंब्यातूनच निवृत्त होऊन सोलापूरला भावाकडं गेल्या. आईनं त्यांना निरोपाला साडी नेसवली. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून खूप रडल्या आणि तेव्हाही काही बोलल्या नाहीत. पुढं येणंजाणं राहिलं नाही. आम्हीही कराडला राहायला आलो.

या वर्षी मला कराड-सोलापूर गाडीवर ड्युटी लागली. परतीची गाडी उशिरा होती. एका दुपारी मी विचारत विचारत त्यांच्या घरी गेले. गल्लीत यंत्रमागांचा खडखडाट चाललेला. बाई खाटेवर बसल्या होत्या, वाळून गेलेल्या, केस पांढरेशुभ्र. मी खाकी कपड्यांत, तरी त्यांनी दारातच ओळखलं.

"कांता? अगं कांते, ये. वाईच सर की, तो पंखा लाव," त्या म्हणाल्या, आणि मला हसू आलं. आमच्या केळंब्याची बोली त्यांच्या तोंडात जशीच्या तशी राहिली होती.

चहा झाला. इकडचं तिकडचं झालं. मग त्यांनी माझा हात हातात घेतला.

"तू बरी आलीस. मला तुझ्या आईकडं घेऊन चल. तुझ्या गाडीनंच येते. माझं आता काही खरं नाही, आणि तिला एक सांगायचं राहिलंय. जोतूचं."

इतक्या वर्षांत ते नाव मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

"बाई..."

"मला माहीत आहे कांता. पान लागणं म्हणजे काय ते." त्या शांतपणे बोलत होत्या. "दवाखान्यात पहिल्यांदा कंपाउंडरनंच विचारलं, पान कधी लागलं म्हणून. तिथंच कळलं. तू पहिल्याच वाक्यात सांगितलं होतंस. आणि मी त्याला पान आणायला पळवलं."

"मग तुम्ही कधीच..."

"दहाव्यानंतर लक्षात आलं, तुझ्या आईनं मला काही कळू द्यायचं नाही असं ठरवलंय. सगळ्या गावानं. लहान लहान पोरं माझ्यासमोर शब्द गिळायची, मला दिसायचं ना ते. तिनं मला वाचवायला केलं होतं सगळं. मला कळलंय असं मी म्हटलं असतं, बदली मागितली असती, तरी तिचं ते सगळं फुकट गेलं असतं. पोर गमावलेल्या बाईनं एवढं केलं, ते मी कशी मोडू? म्हणून राहिले. तुझा दोष नाही हे तुला तरी सांगायला हवं होतं. पण तू घरी जाऊन आईला सांगितलं असतंस. म्हणून तुलाही नाही सांगितलं." त्यांनी माझा हात आणखी घट्ट धरला. "पण तिनं मला एकदा विचारायला हवं होतं गं. शिव्या दिल्या असत्या तरी चालल्या असत्या. मला तिच्या पायांवर डोकं ठेवून रडता आलं असतं, आणि ते सांगता आलं असतं. ते तिचं आहे, मी इतकी वर्षं उगाच जपून ठेवलंय. चल, मला घेऊन चल."

मला रडू आवरत नव्हतं.

"बाई, आई गेली. मार्गशीर्षात गेली."

त्यांनी माझा हात सोडला. बाहेर माग चालू होते. त्यांनी पदर तोंडात कोंबला आणि त्या अशा हलायला लागल्या की मी उठून त्यांना धरलं. त्या दिवशी शाळेत, झोपू देऊ नका म्हणताना, मी त्यांना जसं घट्ट धरायला हवं होतं, तसं धरलं.

"मला सांगा," मी म्हटलं. "आईला काय सांगणार होतात ते मला सांगा."

त्यांनी डोळे पुसले. माझ्याकडं न बघता सांगायला लागल्या.

"जीपमध्ये तो माझ्या मांडीवर होता. पापण्या उघडत नव्हत्या त्याच्या, काही दिसत नव्हतं. त्यानं 'आये' म्हणून हाक मारली. तुमच्या घरात राहून मला तुझ्या आईचं बोलणं येत होतं. मी ओ दिली. म्हटलं, काय रं बाळा, हितंच हाय मी. त्यानं परत हाक मारली, मी परत ओ दिली. सगळा घाट उतरेपर्यंत तो हाक मारत होता आणि मी ओ देत होते. मग त्याचा आवाज बारीक झाला. मग नुसते ओठ हलायचे. मी कान लावून ओ देत होते."

त्या थांबल्या.

"ओठ हलायचे थांबले, तरी देत होते. दवाखाना येईपर्यंत देत होते."